आधी पाण्याची वेळ, मग सुटीची तारीख : द्वारकेहून कोकण किनाऱ्यावर गरवायला जाणाऱ्यांसाठी

दिल्लीच्या नैर्ऋत्य टोकाला वसलेल्या द्वारका उपनगरात सरकारी सेवा, संरक्षण दले, विमान वाहतूक आणि खासगी उद्योग यांत नोकरी करणारी मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्यापैकी ज्यांना खाऱ्या पाण्यात गळाने मासे धरण्याची हौस आहे, त्यांना कोकण किनारा हजार किलोमीटरांहून अधिक दूर असल्यामुळे वर्षातून एखादीच सहल जमते. अशी सहल फसली, तर दोष बहुधा माशांचा किंवा साहित्याचा नसतो. रजा आणि विमानाचे तिकीट आधी ठरवून पाण्याची वेळ मागाहून पाहिली जाते, हे तिचे कारण असते. किनाऱ्यालगतच्या मासेमारीत भरती-ओहोटी हाच खरा पंचांगकर्ता असून स्थानिक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख नाविक, हा त्या पंचांगाचा जाणकार असतो. म्हणून सहलीची आखणी पाण्यापासून सुरू करून रजेच्या अर्जापर्यंत यावी, उलट क्रमाने करू नये, या सूत्राभोवती पुढील मार्गदर्शन बांधलेले आहे.

कोणत्या पाण्यात जायचे

सिंधुदुर्ग जिल्ह्यात गळाने मासे धरण्याला गरवणे म्हणतात आणि आकड्याला गरी म्हणतात. मार्गदर्शकासह गरवण्यासाठी मालवण, देवबाग, तोंडवळी, आचरा, देवगड आणि विजयदुर्ग हा पट्टा विशेष सोयीचा आहे, कारण तेथे तीन निरनिराळ्या प्रकारचे पाणी थोड्या अंतरात सापडते. पहिला प्रकार खाडीचा होय. नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी जेथे मिसळते, तेथे कांदळवनाच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांच्या आश्रयाने कोळंबी आणि लहान मासळी वाढते व तिच्यामागे मोठे शिकारी मासे येतात. देवबागपाशी समुद्राला मिळणारी कर्ली नदीची खाडी, गड नदीची कालावल खाडी आणि विजयदुर्गची वाघोटण खाडी ही या प्रकाराची उदाहरणे आहेत. रायगडात जिताडा आणि सिंधुदुर्गात चोणक या नावाने ओळखला जाणारा मासा हे खाडीचे मुख्य आकर्षण असून तांबोशी, रावस, पालू आणि काळुंदर हेही तेथे मिळतात.

दुसरा प्रकार खडपाचा, म्हणजे पाण्याखाली बुडालेल्या किंवा ओहोटीला डोके वर काढणाऱ्या खडकाळ भागाचा आहे. उष्ण कटिबंधातील बेटांभोवती प्रवाळांनी रचलेल्या लांबलचक भिंती असतात, तशा भिंती कोकणात नाहीत. येथील बहुतेक खडप मूळ भूखडकाचे असून काही ठिकाणीच त्यांवर प्रवाळांच्या वसाहती वाढल्या आहेत. गोबरा, तांबोशी आणि खडकाच्या कपारीत राहणारे इतर मासे येथे तळाशी असतात, तर वरच्या थरात सुरमई फिरते. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर असलेला आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळयुक्त पठारी प्रदेश प्रसिद्ध असला, तरी तो खोल समुद्रातला विषय आहे आणि एका दिवसाच्या किनारी सहलीत त्याचे आमिष दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

तिसरा प्रकार उथळ सपाटीचा आहे. ओहोटीला उघडी पडणारी पुळण, खाडीच्या मुखाजवळचे वाळूचे पट्टे आणि खाजणालगतची चिखलाची सपाटी यांवर भरतीचे पाणी चढू लागले की मुडदुशी, पालू आणि बोय हे मासे किडे, शिंपले आणि खेकडे टिपण्यासाठी गुडघाभर पाण्यात येतात. फ्लोरिडा आणि बहामा बेटांच्या सपाट्यांवर अशाच पाण्यात मासा आधी नजरेने शोधून मग त्याच्यापुढे आमिष टाकण्याची पद्धत एका स्वतंत्र क्रीडाप्रकाराच्या दर्जाला पोचली आहे. कोकणातले पाणी तितके नितळ नसल्यामुळे येथे प्रत्यक्ष मासा क्वचितच दिसतो, परंतु पाण्यावर उठणारी सुरकुती, चिखलाचा लहानसा ढग किंवा एकाएकी उधळलेली बारीक मासळी यांवरून त्याचा माग काढता येतो.

दिल्लीपासून कच्छचे आखात कोकणापेक्षा जवळ आहे आणि तेथे अस्सल प्रवाळ खडक आहेत, हे खरे असले तरी त्या खडकांचा महत्त्वाचा भाग १९८२ मध्ये घोषित झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात मोडतो आणि तेथे मासेमारी करता येत नाही. म्हणून द्वारकावासीयांसाठी कोकण हाच व्यवहार्य पर्याय ठरतो.

तिथीवरून पाण्याचे गणित

कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि त्यामुळे भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या लोकांनी हे गणित तिथीच्या पाऊणपटीत बसवले आहे. तिथीच्या अंकाला तीनने गुणून चारने भागले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ तासांत मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा आणि द्वादशीला नऊ वाजता पाणी भरते, आणि शुद्ध व वद्य या दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू पडतो. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. हा आडाखा मुंबईच्या पाण्याशी अधिक जुळतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते आणि खाडीच्या आत ती उशिरा पोचते. त्यामुळे दिवसाची निवड तिथीवरून करावी, परंतु तासाची निश्चिती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती कोष्टकावरून आणि तांडेलाच्या शब्दावरूनच करावी.

अमावास्या व पौर्णिमा आणि त्यांच्यानंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे असतात, म्हणजे भरती व ओहोटी यांच्या पातळीत सर्वाधिक फरक पडून पाण्याला जोराची ओढ असते. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत भांगाचे पाणी असते, म्हणजे हा फरक सर्वांत कमी होऊन प्रवाह मंदावतो. मुंबईच्या परिसरात उधाणाचा फरक चार मीटरांहून अधिक असतो आणि सिंधुदुर्गात तो त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. भरती-ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या गतीने सरकत नाही; पहिल्या आणि शेवटच्या तासांत ते हळू, तर मधल्या दोन तासांत एकूण बदलाच्या जवळपास निम्मे सरकते. मासे या वाहत्या पाण्यातच चरतात आणि पाणी थांबले की बहुधा तोंड मिटतात, म्हणून सहा तासांची होडी ठरवताना हे मधले तास तिच्यात पूर्णपणे सामावले जातील, अशी वेळ घ्यावी.

या हिशेबावरून तीन प्रकारच्या पाण्यांसाठी तीन प्रकारचे दिवस निघतात. खाडीसाठी दशमी ते द्वादशी हे दिवस चांगले, कारण सकाळी साडेसात ते नऊच्या सुमारास भरती पूर्ण होऊन सारी सकाळ सुकतीची, म्हणजे उतरत्या पाण्याची, मिळते आणि कांदळवनात शिरलेली बारीक मासळी ओहळांतून खाडीत उतरू लागते. उथळ सपाटीसाठी अमावास्या किंवा पौर्णिमा ते तृतीया हे दिवस घ्यावेत, कारण तेव्हा पहाटे किंवा सकाळी लवकर पूर्ण ओहोटी असते आणि उघडी पडलेली जमीन डोळ्यांनी पाहून घेतल्यानंतर चढत्या पाण्याबरोबर मासे येण्याची वाट पाहता येते. खडपावर तळाची मासेमारी करायची असेल, तर भांगाचे दिवस निवडावेत; उधाणाच्या ओढीत शिशाचा गोळा तळाशी ठरत नाही, गरी खडकात अडकते आणि होडी नांगरावर स्थिर राहत नाही.

मराठी घरांना या गणिताचा आणखी एक उपयोग आहे. सण तिथीवर येत असल्यामुळे सणांच्या सुटीतले पाणीही दरवर्षी जवळपास ठरलेले असते. दसरा दशमीला असतो, म्हणून त्या दिवशीची सकाळ खाडीतल्या सुकतीची असते. लक्ष्मीपूजन अमावास्येला आणि भाऊबीज द्वितीयेला येत असल्यामुळे दिवाळीच्या सुटीत उधाण असते, भाऊबीजेला सकाळी सातच्या सुमारास ओहोटी पूर्ण होते आणि दुपारी दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सपाटीवर गरवण्यास सकाळ अनुकूल ठरते. इंग्रजी तारीख दरवर्षी बदलली तरी हा संबंध बदलत नाही, त्यामुळे दिवाळीत खडपावर तळाची मासेमारी ठरवणे हे मुळातच पाण्याच्या विरुद्ध जाणे आहे, हे वर्षभर आधी सांगता येते.

हंगाम आणि दिल्लीचे वेळापत्रक

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते, कारण अनेक माशांचा तो प्रजननकाळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. सागरी पर्यटनाच्या होड्या साधारणतः मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद राहतात. दिल्लीतील शाळांची उन्हाळी सुटी मात्र मेच्या मध्याला सुरू होऊन जूनअखेर संपते. तेव्हा मुलांच्या मोठ्या सुटीत कोकणात गरवायला जाऊ, असा बेत करणाऱ्या कुटुंबाच्या हाती प्रत्यक्षात मेचा दुसरा पंधरवडाच येतो, आणि त्यातही पूर्वमोसमी वारे केव्हाही होडी किनाऱ्याला बांधून ठेवू शकतात.

ऑक्टोबरमध्ये नद्यांचा गढूळपणा ओसरू लागतो आणि खाडीतले खारेपण परत येते. पाऊस लांबलेल्या वर्षी दसऱ्याला पाणी अजून मातकट असते, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी तांडेलाला पाण्याचा रंग विचारावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ प्रवाशांसाठी सर्वांत सुखाचा आहे. मार्च ते मे या महिन्यांत पाणी निवळ असते, परंतु दुपारनंतर समुद्राकडून जोराचा वारा सुटतो, त्यामुळे पहाटे निघून उन्हे चढण्यापूर्वी परतणे इष्ट ठरते.

प्रवासाची सोय द्वारकेहून सुलभ आहे. मेट्रोच्या विमानतळ मार्गावर द्वारका सेक्टर २१ नंतरचे स्थानक थेट तिसऱ्या टर्मिनलचे आहे. मात्र विमान कोणत्या टर्मिनलवरून सुटते, हे तिकिटावर पाहून घ्यावे. गोव्याच्या पेडणे तालुक्यातील मोपा येथे जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सिंधुदुर्गच्या सीमेजवळ असल्यामुळे दिल्लीकरांना तो दाभोळी विमानतळापेक्षा सोयीचा पडतो. रेल्वेने जायचे असल्यास हजरत निजामुद्दीनहून कोकण रेल्वेमार्गे जाणाऱ्या गाड्या आहेत. त्यांना एक दिवसाहून अधिक काळ लागतो, आणि मालवणसाठी कुडाळ किंवा कणकवली ही स्थानके उपयोगी पडतात. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत दिल्लीतल्या धुक्यामुळे विमाने व गाड्या तासन्‌तास रखडतात, म्हणून त्या काळात पोचण्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या पहाटे होडी ठरवू नये. मध्ये एक संपूर्ण दिवस मोकळा ठेवावा. तीन दिवसांच्या मुक्कामात दोन सकाळी मासेमारीच्या आणि एक हवामानासाठी राखीव, हे प्रमाण अनुभवी मंडळी पाळतात.

तांडेलाची निवड

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर गाबीत समाजाची आणि उत्तरेकडे कोळी समाजाची मासेमारीची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मार्गदर्शक म्हणून पाहुण्यांना नेणारा माणूस या परंपरेतला असला, तर खाडीत कोठे वाळू सरकली, कोणत्या खडपावर कोणत्या वाऱ्यात लाट फुटते आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, कोणत्या वेळी ओढली जाते, हे त्याला विचारावे लागत नाही. तरीही काही प्रश्न आधीच स्पष्टपणे विचारणे दोघांच्याही हिताचे असते. होडीला प्रवासी नेण्याचा परवाना आहे का, हा त्यातला पहिला प्रश्न होय, कारण मासेमारीची नोंदणी आणि प्रवासी वाहतुकीचा परवाना या दोन भिन्न गोष्टी असून दुसऱ्याचे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असते. त्यानंतर प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट, विम्याची स्थिती, होडीवर एका वेळी गरवणाऱ्यांची संख्या, इंधन, आमिष व साहित्य यांचा खर्च कोणाकडे, धरलेले मासे कोणाचे आणि हवामानामुळे सहल रद्द झाल्यास आगाऊ रकमेचे काय, हे ठरवून घ्यावे. लहान होडीत दोन, फार तर तीन जणांनी गरवावे. त्याहून अधिक झाल्यास गऱ्या एकमेकांत गुंततात आणि गळ फेकताना दुखापत होण्याचा धोका वाढतो.

चांगल्या तांडेलाची एक खूण अशी की तो माशांची हमी देत नाही, पण दिवस चुकीचा असेल तर तसे सांगून तारीख बदलायला लावतो. ‘कधीही या, मासे आहेतच,’ असे म्हणणाऱ्यापेक्षा ‘नवमीला येऊ नका, द्वादशीला या,’ असे म्हणणाऱ्याकडे जावे. होडीवर पाय ठेवल्यानंतर निर्णय त्याचा असतो. त्याने परत फिरायचे म्हटले की परत फिरावे, आणि मोबदला पूर्ण द्यावा, कारण नाही म्हणण्याचे धैर्य हाच त्याच्या ज्ञानाचा सर्वांत मौल्यवान भाग आहे.

साहित्य आणि द्वारकेतील सराव

अनेक तांडेलांकडे हातदोरीचे साहित्य असते. दोरी, शिसे आणि गरी एवढ्यावर ते पाहुण्यापेक्षा अधिक मासे काढतात. स्वतःचे साहित्य नेणाऱ्याने खाडी आणि सपाटी यांसाठी सात ते आठ फुटांचा मध्यम ताकदीचा, तीन-चार तुकड्यांत सुटा होणारा रॉड, ३००० ते ४००० क्रमांकाचे स्पिनिंग रीळ आणि २० ते ३० पौंडांची विणलेली दोरी घ्यावी. या दोरीच्या टोकाला सुमारे एक मीटर लांबीचा लीडर, म्हणजे घर्षण सोसणारा जाड व पारदर्शक धागा, जोडतात. चोणकाच्या कल्ल्यांची झाकणे पात्यासारखी धारदार असतात, म्हणून तो ४० पौंडांच्या आसपासचा असावा, आणि खडपावर त्याहून जाड घ्यावा. कृत्रिम आमिषांत पृष्ठभागावर पाणी उडवणारा पॉपर, माशाच्या आकाराचा मिनो, मऊ प्लास्टिकची मासळी आणि तळाशी नाचवायचा धातूचा जिग एवढे प्रकार पुरेसे होतात. जिवंत कोळंबी आणि ताजी बोय ही नैसर्गिक आमिषे तेथेच मिळतात. गऱ्या, चाकू आणि पक्कड हे विमानात सामानकक्षात जाणाऱ्या पेटीतच ठेवावे, हातातल्या पिशवीत नव्हे.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणानंतर दोरी आपोआप सुटू देणारा ब्रेक, दोरीच्या सहनशक्तीच्या सुमारे एक तृतीयांश ताणावर लावावा. हे काम घरीच वजनकाट्याच्या साहाय्याने करता येते. त्याहून महत्त्वाचा सराव फेकीचा आहे. द्वारकेच्या सेक्टरांमध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाची मोकळी उद्याने आहेत. उद्यानाचे नियम पाहून, सकाळी वर्दळ नसताना, गरी काढून टाकलेले २० ते ३० ग्रॅमांचे रबरी वजन दोरीला बांधावे आणि १५ ते २० मीटरांवर ठेवलेल्या बादलीच्या आसपास ते वारंवार पडेपर्यंत फेकीचा सराव करावा. खाडीत लांब फेक क्वचित लागते, पण कांदळवनाच्या मुळांपासून हातभर अंतरावर आमिष पडणे आणि पाच हातांवर पडणे यांत मासा मिळणे आणि न मिळणे एवढा फरक असतो. विणलेली दोरी आणि लीडर यांना जोडणारी गाठ दिवाणखान्यात बसून हाताला बसवून घ्यावी, कारण हलत्या होडीत आणि ओल्या बोटांनी ती प्रथमच शिकता येत नाही.

होडीवर काय पाहावे

सुकती लागून तासभर झाला की कांदळवनातून निघणाऱ्या ओहळाच्या तोंडाशी मातकट आणि निवळ पाण्याची एक रेघ स्पष्ट दिसू लागते. बोयांची पिल्ले त्या रेघेवर थरथरतात आणि मध्येच एखादा थवा एकदम उसळून पसरतो. चोणक या रेघेच्या निवळ बाजूला, प्रवाहाकडे तोंड करून, जवळजवळ हालचाल न करता उभा असतो. भक्ष्य टप्प्यात आले की तो जबडा एकाएकी उघडतो, भक्ष्यासह पाणी आत ओढले जाते आणि टपकन असा घुमारा उठतो. तो ऐकून पाहुणा ओहळाच्या तोंडावरच आमिष फेकतो. तांडेल मात्र प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायला सांगतो, म्हणजे आमिष खऱ्या मासळीप्रमाणे पाण्याबरोबर वाहत माशाच्या तोंडापुढून जाते. हा एक फरक समजला तर त्या दिवसाचे निम्मे शिक्षण झाले.

खडपावरचा प्रसंग वेगळा असतो. तांबोशी किंवा गोबरा आमिष घेताच कपारीत शिरतो आणि एकदा आत गेला की दोरी खडकाला घासून तुटते. त्यामुळे येथे ड्रॅग थोडा घट्ट ठेवून पहिल्या काही क्षणांतच त्याला तळापासून वर उचलावे लागते. नैसर्गिक आमिषासाठी वर्तुळाकार गरी वापरल्यास हिसका देऊ नये. दोरी ताणली गेल्यावर रीळ सावकाश फिरवत राहिले की गरी जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसते, माशाने ती गिळण्याची शक्यता कमी होते आणि त्याला सोडणे सोपे जाते. सपाटीवर मात्र शांतता हेच साहित्य असते: इंजिन बंद ठेवून वल्ह्याने किंवा बांबूने होडी सरकवावी, फळीवर पाय आपटू नयेत आणि सूर्य शक्यतो पाठीशी ठेवताना आपली सावली माशांवर पडू देऊ नये.

कायदा आणि सोडून देण्याची रीत

मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले असून त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे बुडालेले खडक हा ३.१८ चौरस किलोमीटरांचा गाभा आहे आणि तेथे मासेमारीला मज्जाव आहे. गरवायला अतिशय आकर्षक वाटणारे काही खडप याच भागात असल्यामुळे अभयारण्याच्या सीमा नकाशावर आधीच पाहाव्यात आणि वनखात्याची परवानगी दाखवता येत नसेल, तर संपूर्ण अभयारण्यच टाळावे. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून त्यांचा तुकडा आठवण म्हणून उचलणेही गुन्हा ठरते आणि नांगर नेहमी वाळूतच टाकावा लागतो. महाकाय गोबरा, करवत मासा, देवमुशी अर्थात बहिरी, समुद्रघोडा आणि सर्व समुद्री कासवे यांनाही संरक्षण असून ती चुकून गरीला लागल्यास पाण्याबाहेर न काढता सोडावीत.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. सुरमईसाठी ती ३७० मिलिमीटर आहे. त्याहून लहान मासा धरला, तर तो एकदाही अंडी न घालता मरतो, हा त्यामागचा विचार आहे. मात्र मोठा मासा ठेवावा आणि लहान सोडावा, एवढाच नियम पुरेसा नाही. चोणक आयुष्याच्या आरंभी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे खाडीतले अतिशय मोठे चोणक बहुधा अंडी देणाऱ्या माद्याच असतात. बहुतेक गोबऱ्यांमध्ये क्रम उलट असून मोठे मासे नर असतात आणि ते उचलले गेले की त्या खडपावरची वीण मंदावते. म्हणून जेवणापुरता एखादा मध्यम मासा ठेवून फार मोठे आणि फार लहान दोन्ही सोडणे, हा जबाबदार पाहुण्याचा नियम असावा. ज्या पाण्यावर स्थानिक मच्छीमाराचे घर चालते, त्या पाण्यातून हौसेसाठी टोपली भरून नेणे न्याय्य नाही.

सोडायचा मासा शक्यतो पाण्यातच ठेवून गरी काढावी आणि त्यासाठी गरीचे उलटे टोक पक्कडीने आधीच दाबून सपाट केलेले असावे. उचलावाच लागला, तर हात ओले करून, एक हात पोटाखाली देऊन त्याला आडवा धरावा. जबड्याला धरून उभा लटकवल्यास आतील अवयवांना इजा होते आणि कोरड्या हाताने अंगावरचा संरक्षक चिकट थर निघून जातो. छायाचित्र अर्ध्या मिनिटात उरकावे. खोल खडपावरून वर आणलेल्या माशाचे बोत, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, दाब कमी झाल्यामुळे फुगते आणि तो सोडूनही बुडू शकत नाही. तेव्हा सोडण्याच्या हेतूने खोल पाण्यात गरवणे टाळावे आणि घरापुरता मासा मिळताच उथळ पाण्याकडे वळावे.

जिवाची काळजी

निघण्याच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा, म्हणजे इन्कॉइसचा, लाटांविषयीचा अंदाज आणि भारतीय हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा पाहावा. जीवरक्षक जाकीट पेटीत न ठेवता अंगावर बांधावे. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक भ्रमणध्वनीत नोंदवून ठेवावेत. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूत घसटत न्यावेत, कारण वाळूत दडलेला पाकट धक्का लागताच दूर जातो, मात्र त्याच्यावर पाय पडला तर शेपटीचा विषारी काटा मारतो. असा काटा किंवा शिंगाळ्याचा काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा, कारण उष्णतेने वेदना कमी होतात, आणि लगेच वैद्यकीय मदत घ्यावी. कालवांनी भरलेल्या खडकांवर जाड तळाचे बूट घालावेत. फुगणारा केंड मासा मुळीच खाऊ नये; त्याच्या शरीरातले विष शिजवूनही नष्ट होत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी उघड्या खडकांवर उभे राहून गरवण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु त्या दिवसांतली एक मोठी लाट माणसाला खडकावरून ओढून नेण्यास पुरेशी असते.

द्वारकेतून निघणाऱ्या प्रत्येक हौशी गरवणाऱ्याने पुढच्या सहलीसाठी हा क्रम पाळावा: प्रथम खाडी, खडप की सपाटी हे ठरवावे, मग पंचांगात त्या पाण्याची तिथी शोधावी, ती तांडेलाकडून पक्की करून घ्यावी आणि त्यानंतरच रजेचा अर्ज द्यावा. रजा मिळत नसेल, तर चुकीच्या पाण्यात जाण्यापेक्षा पुढच्या पक्षाची वाट पाहावी, कारण पंधरा दिवसांनी तेच पाणी पुन्हा येणार असते.